हरळी, वाफा आणि आमच्या नणंदबाई

१२ मे

पाळी आमच्यावर आली!

आज देवळात शेवटचा आशीर्वाद देता देता फादर कॅनिसनी जाहीर केलं — "सप्टेंबरमधली पाळीची मिस्सा फिन्टन गेराटी यांच्या घरी." फिन्टन गेराटी म्हणजे माझा नवरा. घर पुरुषाच्या नावावर, घासायचं बाईने! बाकांवरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी हसले. 

पाळीची मिस्सा म्हणजे काय थट्टा आहे? देवळातली उपासना पाळीपाळीने एकेका घरी! गावाच्या आमच्या टोकाची सगळी घरं, पोराबाळांसकट, माझ्या स्वयंपाकघरात गुडघे टेकणार. मान खाली, हात जोडलेले, आणि एकेक डोळा छताच्या कोपऱ्यातल्या जळमटावर. मागे मुलव्हीबाईंकडे झाली तेव्हा फादर काय बोलले ते लोक संध्याकाळपर्यंत विसरले. पण त्यांच्या संडासाची कडी मोडकी होती हे अजून सांगतात. मीच सांगते.

आमच्याकडे मागची पाळी आली तेव्हा सासूबाई होत्या. मी नुसती कपबश्या विसळायला. आता घरची मालकीण मी — म्हणजे जे काय दिसेल ते माझं.

फिन्टन म्हणाला, "रंग काढावा लागेल."

म्हटलं, "रंग काढू, पडदे धुऊ, चुलीमागचं सगळं उकरू. वाफ्याचं काय?"

तो म्हणाला, "गाईंना बघून येतो," आणि गेला.

१३ मे

वाफा!

पुढच्या खिडकीखाली आहे. गेटातून आत शिरलं की पहिली नजर त्याच्यावरच. सासूबाईंनी केलेला — पिओनी, लुपिन अशी फुलं, कडेने गुलबक्षी रंगाची कार्नेशन्स. त्या जाऊन नऊ वर्षं झाली. मी या घरात येऊन तीस. तरी तो अजून "आईचा वाफा".

असं म्हणणारी जगात एकच बाई. आमच्या नणंदबाई. अट्रॅक्टा! फिन्टनची थोरली बहीण. जन्मभर शाळेत पोरांच्या चुका काढल्या, आता निवृत्त झाल्यात, तर माझ्या काढतात. लग्न नाही केलं. रस्त्याच्या वळणावर त्यांची छोटी बंगली आहे, तिथे एकट्या असतात. पण जन्म या घरातला, त्यामुळे जीव सगळा इथे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. वाकणं बंद. तेवढंच निमित्त झालं हरळीला. कुंपणाखालून शिरली ती पिओनीच्या कुशीत जाऊन बसली. आज फावडं घातलं — जिथे घालावं तिथे पांढऱ्या मुळ्या, बुटाच्या लेसएवढ्या लांब. ओढली की तुटते. तुटली की दोन होतात.

मिस्सेच्या दिवशी नणंदबाईंनी सगळ्यांसमोर एकदा तरी म्हणावं — नोरीन, वाफा छान ठेवलास. बस. एवढंच हवंय मला. याच्यापुढे रंगबिंग गेला खड्ड्यात.

२० मे

नणंदबाई आल्या. गाडीने. गेटच्या खांबाला आरसा खरवडून.

"हा खांब पुढे सरकलाय," उतरता उतरता म्हणाल्या.

फिन्टन म्हणाला, "आजोबांनी बांधल्यापासून जागचा हलला नाही गं तो."

"मग तू तो नीट बांधून घे." झालं! चूक खांबाची, खांब आमचा, म्हणजे चूक माझी.

मी वाफ्यात गुडघ्यांवर. ढुंगण रस्त्याकडे, केसांत माती. त्या माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. हल्ली त्यांची एक नवी तऱ्हा आहे — सरळ तोंडाकडे बघत नाहीत. मान वळवून, डोळ्याच्या कडेने. तिरकं! इतकी नकोशी झालेय मी, की पुरतं बघवतही नाही. मग दरवेळचं वाक्य आलंच — "आईच्या वेळी या वाफ्यात एक काडी नसायची."

मी मनात म्हटलं, आईच्या वेळी तुम्ही होतात ना काड्या घालायला. तोंडाने म्हटलं, "चहा घेणार?"

जाताना कमाल केली. मी फिन्टनचा जुना कोट कुंपणाच्या खांबावर वाळत टाकला होता, वर त्याची टोपी. तर त्या कोटाला म्हणाल्या, "नुसता उभा काय राहतोस रे? बायकोला हात लाव की जरा!"

फिन्टन माझ्या मागे, घरात, बिस्किट खात. आम्ही दोघं इतकं हसलो! बोचरी बाई, पण विनोद करावा तर तिनेच. आळशी नवऱ्याला कोट म्हणाली म्हणजे बघा.

२ जून

आजचा दिवस मी विसरणार नाही आणि फिन्टनलाही विसरू देणार नाही.

कोटाचा टोमणा त्याला लागला म्हणे. मी बाजारात गेले, दीड-दोन तास. परत येते तर गेटात मशीन घरघरतंय. कुणाकडून तरी रोटाव्हेटर आणला होता! पिओनी आणि कार्नेशन्स तेवढी बाजूला काढून ठेवली होती, बाकी सगळा वाफा आडवातिडवा नांगरून, रव्यासारखी माती करून ठेवलेली. घामाघूम. चेहऱ्यावर लहान पोराचा आनंद.

"घे! एक तरी हरळी दाखव!"

मी मटकन पायरीवर बसले. अरे माणसा — हरळीचा एक तुकडा म्हणजे एक रोप! तू मुळ्या काढल्या नाहीस, तू त्या चिरल्यास! भाजीला चिरतात तशा बारीक चिरून मातीत पेरल्यास!

तो म्हणाला, "असं होय?" आणि मशीनकडे असं बघितलं, जसं काही त्यानेच ह्याला फसवलं. चिडावं तरी किती? जेवायला त्याला बटाटे दिले, नुसते, लोण्याशिवाय.

१४ जून

उगवली.

सगळीकडून, परत लावलेल्या पिओनींच्या मधूनही. तान्ह्या पोराच्या जावळासारखी मऊ, दाट, हिरवीगार. इतकी सुंदर हिरवळ आमच्या अंगणात कधी नव्हती. देवा रे!

२४ जून

काल संत योहानची होळी. वर माळावर जाळ केला. सगळे खुर्च्या मोडलेल्या, पेट्या, टायर आणतात — मी हरळीच्या मुळ्यांची अकरा पोती नेली. पोरं पोत्यांत काय आहे बघायला धावली आणि हिरमुसून परत गेली.

म्हातारी माणसं म्हणतात, या जाळातला निखारा शेतात टाकला की तण येत नाही. फिन्टन बादलीतून निखारे घेऊन आला आणि वाफ्यात मांडून बसला. मी म्हटलं, असल्यावर विश्वास ठेवायचं वय आहे का तुझं? तो म्हणाला, "मशीनवर ठेवला तर तू बटाटे दिलेस. आता निखाऱ्यावर ठेवून बघतो."

निखाऱ्याने एक कार्नेशन जळालं. हरळीला काही झालं नाही.

"आमच्या घराण्यासारखीच आहे ती," फिन्टन म्हणाला. "हरळीची मुळी. जाळा, कापा, पुरा — आम्ही आहोतच."

हो ना. एक वळणावर राहते!

५ जुलै

आता तणनाशक. मनाला पटत नव्हतं, पण सप्टेंबर काय थांबणार आहे? सगळीकडे फवारलं तर पिओनी मरतील. म्हणून युक्ती काढली — रंगाचा लहान ब्रश घ्यायचा, बाटलीत बुडवायचा, हरळीच्या एकेका पात्याला लावायचा. नखांना रंग लावतात तसा. फिन्टनने ते डब्यातून काढून बाटलीत भरून दिलंय, डबा गळत होता म्हणून. मागच्या फळीवर ठेवलं आहे म्हणाला. मी घेतलं, रोज सकाळी तासभर रंगवते. शेजारची मुलव्हीबाई कुंपणावरून म्हणाली, "नोरीन, केसांनाही लाव थोडं, पांढरे दिसतायत."

लाव म्हणे! तुझ्या संडासाच्या कडीला लावते थांब.

१९ जुलै

हरळी मरेना. उलट तजेला आलाय. रंगवलेली पाती न रंगवलेल्यांपेक्षा वीतभर उंच. दुकानदाराला फोन करून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तो बिचारा म्हणतो, "बाई, त्याने लोकांचे ओक मरतात."

२३ जुलै

लिहायलाही लाज वाटते. पण लिहिलं नाही तर हसून मरेन.

सासूबाई यात्रेला लूर्डला जायच्या तेव्हा मारियामातेच्या आकाराच्या प्लास्टिकच्या बाटल्या भरून पवित्र पाणी आणायच्या. निळा मुकुट म्हणजे झाकण. आमच्या प्रत्येक फळीवर एकेक मारिया उभी आहे. तर फिन्टनने तणनाशक भरलं होतं एका रिकाम्या मारियेत — तेव्हा लिहायची लाज वाटली! "बाटली चांगली होती," म्हणतो. "आणि झाकण घट्ट बसतं."

मी फळीवरून मारिया घेतली ती दुसरी. खरी. दोन आठवडे मी हरळीच्या पात्यापात्याला लूर्डचं पवित्र पाणी लावत होते! फोफावेल नाही तर काय! आजारी माणसं ज्यासाठी फ्रान्सपर्यंत जातात ते तिला घरबसल्या मिळालं, ब्रशने.

आणि तणनाशकाची मारिया कुठे? दारात. दाराजवळच्या वाटीत आम्ही पवित्र पाणी ठेवतो, जाता-येता बोट बुडवून क्रूस काढायला. ती वाटी फिन्टन, खरी मारिया समजून, त्यातून भरत होता. टपालवाला, फिन्टन, मी — सगळे आठवडाभर कपाळाला तणनाशक लावून हिंडतोय. वाटी सोड्याने तीनदा घासली. कपाळं साबणाने. फिन्टन आरशात बघून म्हणाला, "भुवया आहेत अजून."

मग एकदम आठवलं आणि माझं हसूच थिजलं. गेल्या आठवड्यात ढग गडगडत होते. नणंदबाई म्हणाल्या होत्या, "आईच्या पाण्यातलं थोडं दे गं, खिडक्यांवर शिंपडते." वादळात आम्ही सगळेच शिंपडतो. मी अर्धी मारिया ओतून दिली. दारातली.

२४ जुलै

जाऊन बघून आले. सहज आल्यासारखं दाखवलं.

नणंदबाई धडधाकट. पाणी फक्त खिडक्यांवर शिंपडलंय, ते नीट विचारून घेतलं. पण खिडक्यांखालच्या कुंड्यांतली जिरेनियमं! त्यांचा प्राण त्या जिरेनियमांत. सगळी तपकिरी, कागदासारखी. बाई हातात झारी घेऊन त्यांना पाणी घालतायत. आणि मला म्हणतात काय — "या वर्षी काय बहरलीयेत बघ! लाल नुसती."

 कळलंय! सगळं कळलंय त्यांना! शाळामास्तरीणच ती — ओरडणार नाही, पोर आपणहून कबूल होईपर्यंत गोड बोलणार. मी म्हटलं, "हो, छानच." आणि पळत घरी.

फिन्टनला सांगितलं तर म्हणतो, "तिला कळलं असतं तर ती इतकं गोड बोललीच नसती." पुरुषांना बायकांतलं काय कळतं?

१० ऑगस्ट

हाताने काढायचं, दुसरा इलाज नाही. काळी जमीन, पांढरी मुळी, दोन बोटं. बघून सापडत नाही, चाचपून सापडते — टोक सुईसारखं असतं, बोटाला टोचतं. काल मातीत कुठूनसा आलेल्या एका बटाट्यातून आरपार गेलेली सापडली.

अर्धा वाफा साफ झालाय. उरलेला अर्धा — तोच पिओनीकडचा — तिथे ती माझ्यापेक्षा जुनी असल्यासारखी बसलीये.

१५ ऑगस्ट

भांडण झालं. पुरतं.

आज मारियामातेचा सण, देवळातून परतताना नणंदबाईंना फिन्टनने इकडे जेवायला आणलं. गाडी आणली नव्हती त्यांनी, म्हणाल्या पाय मोकळे करायचेत. जेवण होईतो ठीक. मग वाफ्याच्या कठड्यावर बसल्या, वाकून पानं बोटांनी चुरगळत. मला वाटलं हरळी मोजतायत. आणि एकदम म्हणाल्या, "मी गेल्यावर या वाफ्याकडे कोण बघणार?"

माझा तोल सुटला. "मी! मी बघतेय, तीस वर्षं! तुझी आई नऊ वर्षांपूर्वी गेली अट्रॅक्टा, वाफ्याला पाणी स्वर्गातून येतं का? खुबा बदललाय माझा, गुडघे सोललेत, तुला एकदा तरी दिसलंय?"

त्या उठल्या. "दिसत असतं तर बोलले असते," म्हणाल्या आणि कठडा धरत धरत गेटाकडे गेल्या. फिन्टन मागे धावला सोडायला. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

दिसत असतं तर! म्हणजे मी केलेलं दिसण्यासारखंही नाही!

३१ ऑगस्ट

बोलत नाही. त्याही, मीही. देवळात त्या एका टोकाला, मी दुसऱ्या. फिन्टन मधल्या मध्ये. रोज संध्याकाळी वळणावर जातो, येऊन सांगत काही नाही. म्हटलं, काय म्हणाल्या? तर म्हणतो, "चहा चांगला होता."

मिस्सेला आल्याच नाहीत तर? सख्खी बहीण आपल्याच जन्मघरच्या मिस्सेला नाही — गाव वर्षभर तेच चघळेल. आणि आल्या तर वाफा बघतील. कुणीकडून मेले.

१२ सप्टेंबर

घर झालं. रंग झाला — "क्रीम" म्हणून आणला, भिंतीवर लोण्यासारखा पिवळा निघाला. पडदे झाले. चांगल्या कपबश्या खाली काढल्या. फादरांसाठी बैठकीत वेगळं टेबल, उकडलेल्या अंड्याची चांदीची पेली, सगळं.

वाफ्याचा तो अर्धा भाग तसाच. आठवडाभर पाऊस, काढू म्हटलं तर चिखल.

१४ सप्टेंबर

युक्ती सुचली! पावसात उभी राहून एकटीच हसले.

वरच्या खोलीत सासूबाईंचा मारियामातेचा पुतळा आहे, कमरेएवढा. तो आणायचा हरळीच्या बरोब्बर मध्ये. भोवतीची हरळी कात्रीने एकसारखी छाटायची. काय म्हणे? हिरवळ! मारियामातेच्या पायाशी हिरवळ! कुणाची छाती आहे तिच्या पायाखाली बोट घालून मुळी शोधायची?

फिन्टनने पुतळा जिन्यावरून मिठी मारून उतरवला. मध्येच थांबला, धापा टाकत म्हणाला, "नोरीन, हे पाप आहे का?"

म्हटलं, "तू बाटलीत भरलंस ते आधी सांग फादरांना. मग माझं बघू."

२० सप्टेंबर

कात्रीने तीनदा छाटली. पाऊस थांबला. रात्रीतून वाढू नकोस बाई, हात जोडते.

२१ सप्टेंबर

 क्रमाने लिहिते.

सकाळी आठलाच माणसं. स्वयंपाकघरातलं टेबल चार ठोकळ्यांवर उंच केलं होतं, पांढरी चादर, दोन मेणबत्त्या. सगळे आले. नणंदबाई शेवटी — फिन्टनच्या दंडाला धरून, नव्या निळ्या कोटात. आल्या म्हणून माझा जीव भांड्यात पडला. खरंच पडला. डोळ्यांत पाणीच आलं.

दर पाळीला पवित्र ग्रंथातला पहिला पाठ त्याच वाचतात, शाळेतला खणखणीत आवाज. फादरांनी पुस्तक पुढे केलं. त्या म्हणाल्या, "आज मुलव्हीबाईंना वाचू दे. माझा घसा धरलाय." घसा! दारात फिन्टनशी बोलत होत्या तेव्हा नव्हता धरलेला. आमच्या घरात वाचायला तोंड दुखतं. माझं पाणी तिथेच आटलं.

मिस्सा झाली. कुणी जळमट शोधलं नाही, सापडलं नसतंच. फादरांनी अंडं खाल्लं. मग सगळ्या बायका चहाचे कप घेऊन अंगणात. ऊन पडलं होतं. आणि वाफा! कात्रीने छाटलेली ती सटवी एका रात्रीत वर आली होती, पुतळ्याच्या गुडघ्यापर्यंत नाही, पण घोट्यापर्यंत नक्की. कुणाच्या लक्षात येणार नाही असं नव्हतंच. बायका कपात बघत होत्या.

तेवढ्यात नणंदबाई पुढे आल्या. वाफ्यापाशी. मान वळवली, तसंच तिरकं बघितलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात — घसा बरा झाला होता — म्हणाल्या, "नोरीन, आईने ठेवला होता तसाच ठेवलास बघ वाफा. एक काडी नाही!"

 मुलव्हीबाई खोकली. कुणीतरी मागे फिस्सकन हसलं.

जे ऐकायला मी उन्हाळाभर मातीत लोळले, ते असं! सगळ्यांसमोर, हरळीकडे तोंड करून! माझ्या डोक्यात काय गेलं कळलं नाही. मी म्हटलं, मोठ्याने म्हटलं, "डोळे आहेत का गारगोट्या तुझे?"

फादर दारात उभे. फिन्टन म्हणाला, "नोरीन!" असा आवाज तीस वर्षांत नाही ऐकला त्याचा.

 नणंदबाईंनी कप ठेवायला हात पुढे केला, कठड्याच्या अलीकडेच सोडला. फुटला. चांगल्या कपांतला. फिन्टन त्यांना घेऊन गेला, तो अजून आलेला नाही.

मुद्दाम फोडला. मुद्दामच!

२२ सप्टेंबर

 फिन्टन सकाळी सहाला तिला घेऊन शहरात, स्लायगोला, गेलाय. कशाला विचारलं तर म्हणाला, "तिने कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीये. संध्याकाळी तिला विचारतो, मग सांगतो."

२३ सप्टेंबर

अट्रॅक्टाला दिसत नाही.

दोन वर्षं झाली. डोळ्यामागचा पडदा गेलाय, मधलं सगळं धूसर, कडेकडेचं थोडं दिसतं. वयाने होतं म्हणाले डॉक्टर. (फिन्टनने आधी मारियेच्या बाटलीचं विचारलं. तिचा काही संबंध नाही.) गाडी काढून घेतील, मग बंगली, मग कुठल्यातरी वृद्धाश्रमात टाकतील, म्हणून कुणाला बोलली नाही. फिन्टनलाही ऑगस्टमध्ये कळलं. वाफा तिला नुसता हिरवा दिसतो. मी उन्हाळाभर गुडघ्यांवर आहे, हे त्याने तिला रोज सांगितलं होतं. म्हणून ती सगळ्यांसमोर तसं बोलली. न बघता. माझ्या भरवशावर.

 खूप रडले. मग तोंड धुतलं आणि वळणावर गेले. माफी मागितली, जिरेनियमांचंही सांगितलं. ती हसली आणि मग तीही रडली. तिची बॅग भरली, वरची पुढची खोली तिला दिली. दुपारी वाफ्यापाशी उशी टाकली, तिचे दोन्ही हात धरून मातीत ठेवले आणि म्हटलं, "हा अर्धा तुझा. आजपासून."

तिने बोटं आत घातली, एक लांबलचक पांढरी मुळी अख्खी, न तुटता बाहेर ओढली आणि माझ्या दिशेने हवेत धरली.

"हरळीचाच दिलास ना मला?"

तोच दिलाय!